साक्षीदाराचा धर्म

न्यायालयात साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या राहिलेल्या माणसाकडून एक शपथ वदवून घेतात. खरे सांगेन, पूर्ण खरे सांगेन, खऱ्यावाचून दुसरे काही सांगणार नाही. शपथ एक असली तरी तिच्यात वचने तीन आहेत. पहिले आणि तिसरे वचन पाळणे सभ्य माणसाला फारसे जड जात नाही. खरी कसोटी लागते ती मधल्या वचनाची. कारण एकही शब्द खोटा न बोलता माणसाला असत्य सांगता येते. जे पाहिले त्यातले निम्मे सांगितले आणि निम्मे पदरात झाकून ठेवले, की काम भागते. मुलांची भांडणे तोडणाऱ्या कोणत्याही शाळामास्तराला हे ठाऊक असते. ‘याने मला ढकलले,’ असे रडत सांगणारा मुलगा बहुधा खरेच बोलत असतो. फक्त ढकलण्यापूर्वी आपण काय केले, तेवढे तो सांगत नाही.

आपल्या आयुष्यात सर्वांत जास्त साक्ष देते ते वृत्तपत्र, आणि आता त्याच्या जोडीला दूरचित्रवाणी व हातातला फोन. स्वतःच्या डोळ्यांनी आपण जग पाहतो ते किती? घर, शाळा, बाजार, एखादी यात्रा. बाकीचे सारे जग आपण या साक्षीदाराच्या शब्दावर मानतो. त्याला पिंजऱ्यात उभे राहावे लागत नाही आणि शपथही घ्यावी लागत नाही. मग त्या मधल्या वचनाचे त्याने काय करावे? विशेषतः जी गोष्ट वाईट असे त्याने मनाशी ठरविले आहे, तिच्याविषयी साक्ष देताना काय करावे? वाईटाविषयी पूर्ण खरे सांगत बसायची गरज काय, वाईट आहे एवढे लोकांना पटले की पुरे, असे म्हणण्याचा मोह मोठा असतो. शिवाय हा मोह दिसायला सात्त्विक असतो. तो खरोखर सात्त्विक आहे काय, हा माझा आजचा प्रश्न आहे.

उदाहरण मी मुद्दाम दूरचे घेतो. जवळच्या उदाहरणात आपलाच राग आड येतो. अमेरिकेत बंदुकांच्या जत्रा भरतात. त्यांना तिकडे ‘गन शो’ म्हणतात. त्या जत्रा, त्यांच्यावरून चाललेला कायद्याचा वाद आणि त्या वादाची वृत्तपत्रांनी दिलेली साक्ष, असा हा विषय आहे. फराळाच्या ताटाशेजारी बंदुका आणून ठेवल्याबद्दल वाचक रागावणार नाहीत अशी आशा आहे. या चार दिवसांत आपल्याकडेही अंगणाअंगणांतून टिकल्यांची पिस्तुले वाजतच असतात.

तर ही जत्रा कशी असते? शनिवार-रविवारी एखाद्या गावचे मोठे सभागृह किंवा शेतकी प्रदर्शनाचे मैदान भाड्याने घ्यायचे, आत लांबच लांब टेबले मांडायची, टेबलामागे विक्रेत्याकडून भाडे घ्यायचे आणि दारात प्रेक्षकाकडून प्रवेशफी. टेबलांवर नव्या बंदुका असतात, आजोबांच्या काळच्या जुन्या बंदुका असतात, काडतुसांच्या पेट्या असतात. त्याखेरीज चाकूसुऱ्या, चामड्याचे पट्टे, जुनी लष्करी पदके, पुस्तके, टोप्या, सुकविलेल्या मांसाच्या पट्ट्या, असा आठवडी बाजाराचा सारा पसाराही असतो. मुलाला खांद्यावर घेतलेले बाप हिंडत असतात. म्हातारे लोक एखादी बंदूक हातात घेतात, निरखतात, दोन गोष्टी बोलतात आणि न घेताच ठेवून देतात. यावर देखरेख करणाऱ्या मध्यवर्ती खात्याने १९९९ साली अंदाज केला होता, तेव्हा वर्षाकाठी चार हजारांहून अधिक जत्रा भरत होत्या. टेबलांवरच्या विक्रेत्यांपैकी ५० ते ७५ टक्के परवानेधारक दुकानदार असत. बाकीचे सारे हौशी, खाजगी.

वादाचे मूळ याच शेवटल्या वाक्यात आहे. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्याप्रमाणे बंदुकांचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो. १९८६ च्या कायद्याने अशा दुकानदाराला आपल्या राज्यातल्या जत्रेतही दुकान मांडण्याची मुभा दिली. पुढे १९९३ साली ब्रॅडी कायदा झाला. जेम्स ब्रॅडी हे अध्यक्ष रेगन यांचे वृत्तपत्र-सचिव. १९८१ च्या मार्चमध्ये रेगन यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यांतली एक ब्रॅडींच्या डोक्यात शिरली आणि ते जन्माचे अपंग झाले. वार्ताहरांना माहिती देणे हेच ज्यांचे काम, त्यांच्याच नावाने हा कायदा ओळखला जावा, हा योगायोग मला विचार करायला लावतो. या कायद्याने असे ठरले, की परवानेधारकाने बंदूक विकण्यापूर्वी गिऱ्हाइकाची चौकशी करून घ्यावी. नोव्हेंबर १९९८ पासून ही चौकशी मध्यवर्ती नोंदींवरून बहुधा काही मिनिटांत होऊ लागली. परंतु जो धंदा करीत नाही, आपल्या संग्रहातली एखादी बंदूक विकतो, त्याच्यावर अशा चौकशीचे बंधन मध्यवर्ती कायद्याने घातले नाही. म्हणजे जत्रेतल्या एका टेबलावर कागद भरावा लागतो, आणि शेजारच्या टेबलावर पैसे मोजले की काम झाले.

या फटीला वृत्तपत्रांनी नाव दिले ‘गन शोची पळवाट’. नाव सुटसुटीत असल्याने ते रूढ झाले. पण या नावातच अर्धी साक्ष आहे. कायदा जागेप्रमाणे बदलत नाही, विकणाऱ्याप्रमाणे बदलतो. जो खाजगी माणूस जत्रेत चौकशीवाचून बंदूक विकू शकतो, तोच ती आपल्या अंगणात, वाहनतळावर, किंवा जाहिरात देऊनही विकू शकतो. आणि परवानेधारक दुकानदार जत्रेत बसला म्हणून चौकशीतून सुटत नाही. तेव्हा ‘जत्रेची पळवाट’ म्हटल्याने दोन गोष्टी एकदम घडल्या. जत्रेला जाणारा प्रामाणिक माणूस चिडला, कारण त्याने स्वतः दुकानदाराच्या टेबलावर कागद भरलेला होता. आणि शहरातल्या वाचकाला वाटले, की जत्रा बंद केली की प्रश्न मिटला. एका सुटसुटीत शब्दाने एकाला दुखावले आणि दुसऱ्याला गाफील ठेवले.

तथापि कॅमेरे जत्रेकडे वळले ते काही उगाच नव्हे, हेही पूर्ण सत्याचाच भाग म्हणून सांगितले पाहिजे. २० एप्रिल १९९९ रोजी कोलोरॅडो राज्यातील कोलंबाइन शाळेत दोन विद्यार्थ्यांनी त्या दिवशी १२ मुलांचा आणि एका शिक्षकाचा जीव घेतला. त्यांनी वापरलेल्या चार शस्त्रांपैकी तीन डेन्व्हरजवळच्या अशाच एका जत्रेत, खाजगी विक्रेत्यांकडून घेतलेली होती. घेणारी त्यांची अठरा वर्षांची मैत्रीण होती. पुढल्या वर्षी राज्याच्या विधिमंडळापुढे तिने सांगितले, की नावगाव द्यावे लागले असते, चौकशीला तोंड द्यावे लागले असते, तर मी त्या बंदुका घेतल्याच नसत्या. या साक्षीवर मी पुष्कळ विचार केला आहे. त्या मुलीच्या नावावर गुन्हा नव्हता. चौकशी झाली असती तर ती पास झाली असती. तरीही ती म्हणते, की मी थांबले असते. चोपडीत आपले नाव लिहिले जाणार, एवढ्या जाणिवेनेही माणसाचा हात आवरतो. हे कायद्याचे सूक्ष्म सामर्थ्य आहे. कोलोरॅडोच्या मतदारांना ते समजले असावे. २००० च्या नोव्हेंबरात सुमारे ७० टक्के मतांनी त्यांनी जत्रेतल्या प्रत्येक विक्रीला चौकशी लागू केली. त्या ७० टक्क्यांत बंदूक बाळगणारेही पुष्कळ असले पाहिजेत. त्या डोंगराळ राज्यात त्यांच्यावाचून एवढी मते कोठून येणार?

पण अशा जत्रेत शिरलेला छायाचित्रकार काय टिपतो? शेकडो टेबले असतात. त्यांतल्या एखाद्यावर हिटलरच्या वेळची निशाणे मांडलेली असतात, एखाद्यावर काळीकभिन्न, भेसूर दिसणारी रायफल असते, कोठे अंगभर गोंदलेला मनुष्य असतो. छायाचित्र त्याचेच येते. ते खोटे नसते. ते टेबल तेथे होतेच. पण उरलेल्या टेबलांवरचे म्हातारे, त्यांच्या जुन्या बंदुका आणि त्यांच्या गप्पा छायाचित्रात उतरत नाहीत. मी कादंबऱ्या लिहितो, म्हणून मला यातली गोम कळते. खलपुरुष रंगवायचा, तर त्याच्या भिवया जाड करणे हा सर्वांत सोपा उपाय. वाचक लगेच ओळखतो आणि लेखकाचे कष्ट वाचतात. पण असा खलपुरुष वाचकाला काही शिकवीत नाही, कारण आपण तसे नाही हे वाचकाला पहिल्या पानावरच ठाऊक असते.

शब्दांचेही तसेच. घोडा एकदा दाबून धरला की गोळ्यांचा वर्षाव करते ती स्वयंचलित बंदूक. तिच्यावर अमेरिकेत १९३४ पासून कडक नियंत्रण आहे आणि १९८६ नंतर बनलेली तर सामान्य नागरिकाला घेताच येत नाही. प्रत्येक गोळीला घोडा नव्याने दाबावा लागतो ती अर्धस्वयंचलित. ती दुकानात मिळते. या दोहोंची गल्लत वार्ताहर वारंवार करतात. ज्याला बंदुकांतले कळते, तो ही चूक वाचतो आणि पुढचे काही वाचतच नाही. ज्याला साधे नाव ठाऊक नाही तो माझ्यावर कायदा करायला निघाला, असे तो म्हणतो. क्षुल्लक चुकीने साक्षीदाराची सारी साक्ष वाया जाते, हे वकिलांना नव्याने सांगायला नको.

आता दुसऱ्या बाजूची साक्ष पाहू. बंदूकवाल्यांचीही मासिके आहेत, वाहिन्या आहेत. त्यांची मोठी संस्था, नॅशनल रायफल असोसिएशन, १८७१ साली स्थापन झाली, आणि तिच्या दोघा संस्थापकांपैकी विल्यम चर्च हा तर संपादकच होता. या बाजूच्या पानांवर बंदूक नेहमी सज्जनाच्या हाती असते. मध्यरात्री दार फोडून दरोडेखोर आत येतो, आणि घरची माउली धीराने त्याला पळवून लावते. अशा घटना घडतातही. पण घरातल्या उघड्या कपाटातले पिस्तूल चार वर्षांच्या पोराच्या हाती लागते, ही घटनाही घडते. ती त्या पानांवर नसते. म्हणजे साक्षीदार दोन झाले, पण दोघांचेही एकेक डोळे मिटलेले.

आकड्यांच्या बाबतीत तर ही गंमत फारच बोलकी आहे. न्यायखात्याच्या सांख्यिकी विभागाने २०१६ साली कैद्यांना प्रश्न विचारून २०१९ साली अहवाल काढला. गुन्ह्याच्या वेळी ज्यांच्याजवळ बंदूक होती, त्यांतल्या अवघ्या ०.८ टक्के कैद्यांनी ती जत्रेतून मिळविली होती. सुमारे ४३ टक्क्यांनी ती रस्त्यावरच्या चोरट्या बाजारातून घेतली होती. बंदूकवाले हा आकडा छातीवर लावून हिंडतात. उलट देखरेख करणाऱ्या खात्याने १९९६ ते १९९८ या काळातल्या १,५३० तपासांचा अहवाल २००० साली दिला, त्यात जत्रांच्या वाटेने चोरट्या व्यापारात गेलेल्या बंदुका सुमारे २६ हजार निघाल्या. कायदा मागणारे हा आकडा मिरवितात. यांपैकी खोटा कोण? कोणीच नव्हे. दुष्काळी गावात एखाद्याला विचारले, पाणी कोठून प्यालास, तर तो म्हणेल, घागरीतून. खरेच सांगतो तो. पण घागर भरली कोणत्या विहिरीवर, हे त्याला विचारून कळत नाही. ते पाणी वाहणाऱ्याला विचारावे लागते. एका अहवालाने घागर विचारली, दुसऱ्याने विहीर. दोन्ही अहवाल शेजारी ठेवून वाचले असते, तर एक पूर्ण खरी गोष्ट हाती आली असती. पण शेजारी ठेवतो कोण? ज्याने त्याने आपापला आकडा उचलला.

येथे आणखी एक नाजूक प्रश्न येतो. पूर्ण खरे मिळविण्यासाठी साक्षीदाराने लपून पाहावे काय? कॅलिफोर्नियातले डॉक्टर गॅरन विंटेम्यूट यांनी छुपा कॅमेरा घेऊन १९ राज्यांतल्या ७८ जत्रा पाहिल्या आणि २००९ साली त्यावर सचित्र अहवाल काढला. त्याच वर्षी न्यूयॉर्क शहराने ओहायो, टेनेसी आणि नेवाडा या राज्यांतल्या सात जत्रांत आपली माणसे गिऱ्हाइकांच्या वेषात धाडली. ही माणसे खाजगी विक्रेत्याला बोलता बोलता सांगत, की चौकशी झाली तर बहुधा मी त्यात टिकणार नाही. असे ऐकल्यावर विक्री थांबवणे विक्रेत्यावर कायद्यानेच बंधनकारक होते. तीस विक्रेत्यांपैकी १९ जणांनी तरीही बंदूक विकली.

वर्गाच्या खिडकीतून चोरून डोकावणारा मास्तर मला स्वतःला आवडत नाही. तरी या तपासाला मी दोष देणार नाही. प्रश्न नेमका होता, सर्वांना सारखा विचारला होता, आणि हो म्हणणाऱ्यांबरोबर नाही म्हणणाऱ्यांचीही नोंद झाली होती. छुप्या साक्षीला एवढी अट पुरे असे मला वाटते: तिने उत्तर आधी ठरवून जाऊ नये. पण नोंद झाली म्हणून ती वाचली गेली असे नव्हे. मथळ्यांत आले ते १९. उरलेल्या अकरांचे काय झाले? त्या अकरा जणांनी गिऱ्हाइकाचे ते एक वाक्य ऐकले आणि हातातला सौदा सोडून दिला. जवळ पोलीस नव्हता, कॅमेरा दिसत नव्हता, पैसे समोर होते. एकोणीस जणांचे वागणे कायदा का हवा हे सांगते. अकरा जणांचे वागणे हा कायदा पाळणारी माणसे त्याच जत्रेत आहेत हे सांगते. त्या अकरांकडे जाऊन ‘तुम्ही का थांबलात?’ असे विचारावे, त्यांची छायाचित्रे छापावी, असे किती संपादकांना सुचले असेल?

आता या साऱ्या अर्ध्या साक्षींतून जे निसटले, त्याकडे येतो. सणाच्या दिवशी हे लिहिताना लेखणी जड होते, पण त्यावाचून पुढचे कळणार नाही. २०२३ साली अमेरिकेत बंदुकीने ४६,७२८ माणसे मेली. त्यांतले खून १७,९२७. आणि स्वतःच्या हाताने स्वतःचा जीव घेतलेली माणसे २७,३००. म्हणजे निम्म्याहून कितीतरी अधिक मृत्यूंत मारणारा परका नव्हताच. त्याच वर्षी प्यू संशोधन केंद्राच्या पाहणीत बंदूक बाळगणाऱ्यांपैकी ७२ टक्के लोकांनी संरक्षण हे त्याचे मोठे कारण म्हणून सांगितले. एका बाजूची वृत्तपत्रे जत्रेतून आलेला खुनी दाखवितात. दुसऱ्या बाजूची दाराशी आलेला दरोडेखोर दाखवितात. दोघांच्याही चित्रात भय बाहेरून येते. घरातल्याच टेबलाशी रात्री एकटा बसलेला, कर्जाने, आजाराने किंवा एकाकीपणाने खचलेला घरचा माणूस दोघांच्याही चित्रात नाही. एरवी ज्यांचे कशावरही एकमत होत नाही, ते दोघे साक्षीदार नेमक्या याच गोष्टीवर एकत्र मुके आहेत.

अशा मृत्यूंविषयी लिहिताना संयम पाळावा, त्यांचे वर्णन करू नये, हे वृत्तपत्रांचे धोरण योग्यच आहे. दुःख अनुकरणाने पसरते. पण वर्णन न करणे निराळे आणि गोष्टच न सांगणे निराळे. हे मृत्यू अधिक कोठे होतात? मोंटाना, वायोमिंग यांसारख्या विरळ वस्तीच्या, बंदुका घरोघरी असलेल्या राज्यांत. आणि त्यांत उतारवयाचे पुरुष फार. म्हणजे ज्या म्हाताऱ्याकडे पाहून शहरी वार्ताहराने नाक मुरडले, तोच या बंदुकांचा मोठा बळी आहे. त्याला खलपुरुषाच्या रांगेत बसविले, म्हणून तो बळी आहे हे दिसलेच नाही. अर्ध्या साक्षीचे पाप मी याला म्हणतो. तिने नुसता अपमान होत नाही. जिथे कणव यायला हवी, तिथे ती येत नाही.

पूर्ण पाहिले की काय होऊ शकते, याचे एक उदाहरण आहे. २००९ साली न्यू हॅम्पशर राज्यात एका आठवड्याच्या आत तीन जणांनी एकाच दुकानातून बंदुका घेतल्या आणि काही तासांतच तिघांनीही आपले आयुष्य संपविले. दुकानदाराने कायदा मोडला नव्हता. पण तो अस्वस्थ झाला. आरोग्याचे काम करणारी माणसे आणि बंदुकांचे दुकानदार एका टेबलाशी बसले, आणि खचलेले गिऱ्हाईक कसे ओळखावे, त्याला आज विक्री न करता कसे थांबवावे, संकटात असलेल्या मित्राची बंदूक काही दिवस आपल्याकडे कशी ठेवून घ्यावी, याची माहितीपत्रके त्यांनी तयार केली. पुढे पाहणी केली तेव्हा राज्यातल्या जवळजवळ निम्म्या बंदुकांच्या दुकानांत ती लावलेली आढळली. कोणी कोणाला राक्षस म्हटले नव्हते, म्हणून हे घडले.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूक शाळेत २० लहान मुले आणि सहा मोठी माणसे मारली गेली. मे २०२२ मध्ये टेक्ससमधल्या युवाल्डी गावी १९ मुले आणि दोन शिक्षिका. पोरांची प्रेते समोर असताना दोन्ही बाजू पाहा म्हणणे हा भित्रेपणा नव्हे काय? जळत्या घराशी उभे राहून आगीचीही बाजू ऐकायची काय?

माझे उत्तर असे, की पूर्ण पाहणे म्हणजे मधोमध उभे राहणे नव्हे. मधोमध उभा राहणारा पाहण्याचे कष्ट टाळतो. दोघांना अर्धे अर्धे खरे मानून तो घरी जातो. पूर्ण पाहिल्यावर माणसाने कौल दिलाच पाहिजे. माझा कौल विचाराल, तर प्रत्येक विक्रीला चौकशी हवी, मग ती जत्रेत होवो की अंगणात. कोलंबाइनच्या त्या मैत्रिणीची साक्ष मला पुरेशी आहे. आणि हा कौल काही एकट्या दूरच्या मास्तराचा नव्हे. प्यू केंद्राच्या २०२१ च्या पाहणीत खुद्द अमेरिकेतल्या ८१ टक्के लोकांनी खाजगी आणि जत्रेतल्या विक्रीला चौकशी असावी असेच म्हटले. तरीही सँडी हूकनंतर, एप्रिल २०१३ मध्ये, सिनेटमध्ये असा ठराव आला तेव्हा तो ५४ विरुद्ध ४६ असा पडला. बाजूने ५४ मते असूनही पडला, कारण तेथल्या रिवाजाप्रमाणे ६० लागत होती. युवाल्डीनंतर २०२२ साली कायदा झाला, त्याने धंदा कशाला म्हणावे याची व्याख्या काहीशी रुंदावली. सरसकट चौकशी त्यानेही आणली नाही.

या अपयशाचे सारे खापर वृत्तपत्रांवर फोडणे हीसुद्धा अर्धी साक्षच होईल. संघटनांचा पैसा आहे, सभागृहाचे नियम आहेत, निवडणुकांचे हिशेब आहेत. पण त्यांखाली आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आपल्याला समजायला हवी. इंग्रजांनी १८७८ साली आपल्यावर हत्यारांचा कायदा लादला. १८८७ च्या मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनात त्याविरुद्ध ठराव झाला. तेथे जमलेल्या वकील-शिक्षकांना घरोघरी बंदुका वाजवायच्या होत्या असे नव्हे. गोऱ्याला जे विनापरवाना बाळगता येते, ते आपल्याला नाही, म्हणजे आपल्यावर विश्वास नाही, ही गोष्ट त्यांना झोंबत होती. आपली गुलामी आणि स्वतंत्र देशातला चौकशीचा नियम यांची बरोबरी मी करीत नाही. त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पण झोंबणे सगळीकडे सारखेच असते. नियम चांगला असला तरी तो आपल्याला तुच्छ मानणाऱ्याच्या हातून येतो आहे असे वाटले, की माणूस नियमाशी न भांडता त्या हाताशी भांडू लागतो.

आणि आपण मराठी वाचक या खटल्यात केवळ प्रेक्षक आहोत काय? तिकडे गोळीबार झाला, की आपल्या वृत्तपत्रांतही तेच छायाचित्र येते, आणि आपण चहा पिता पिता म्हणतो, काय वेडे लोक आहेत! आज पुष्कळ मराठी घरांतली मुले त्या देशात नांदत आहेत. त्यांची पोरे तिथल्या शाळांत जातात आणि गोळीबार झाला तर कसे लपायचे याची तालीम घेतात. तेव्हा आपली काळजी खरी आहे. पण काळजीने डोळे उघडावेत, मिटू नयेत. एखाद्या परदेशी छायाचित्रकाराने विजयादशमीच्या दिवशी आपल्याकडे यावे, पाटावर मांडलेल्या तलवारींना आणि पोलीस ठाण्यातल्या बंदुकांना फुले वाहिलेली पाहावीत, आणि ‘शस्त्रांची पूजा करणारे लोक’ एवढेच लिहून छायाचित्र छापावे. यात खोटे काय आहे? काहीच नाही. तरी ते वाचून आपण उसळून उठू. त्याच पूजेत सुताराचा रंधा असतो, शिंप्याची कात्री असते, पोरांची पुस्तके असतात, हे याने का नाही सांगितले, असे आपण विचारू. आपल्यासाठी जे आपण मागू, ते त्या जत्रेतल्या म्हाताऱ्यासाठीही मागितले पाहिजे. त्याने त्याचा दोष कमी होत नाही. दोष कोणता आणि कोणाचा, एवढे नीट कळते.

साक्ष ऐकणाराही साक्षीत भागीदार असतो. संपादक छापतो ते आपण वाचतो म्हणून, आणि आपण वाचतो ते बहुधा आपल्याला आधीपासून पटलेले असते म्हणून. अर्धे खरे ही मागणी तसा पुरवठा अशी वस्तू आहे. तेव्हा मधले वचन पाळण्याची थोडी जबाबदारी पिंजऱ्याबाहेर बसलेल्यांवरही येते. पुढची बातमी वाचताना, मग ती अमेरिकेतली असो की आपल्या तालुक्यातली, चित्रात जो दुष्ट दाखविला आहे त्याच्या शेजारचे टेबल पाहायला मागावे. एकोणीस जण सांगितले तर अकरा कोण होते, ते विचारावे. आणि ज्याचा राग येण्यासाठी चित्र काढले आहे, त्याच्याच घरात कोणी मरत तर नाही ना, हेही एकदा विचारावे. राग त्यानंतरही उरला, तर तो खुशाल करावा. तो राग मग कोणाचे तरी भले करील.